चार खाचा खाली

नवनाथ पगारे सरांचा कान तयार आहे हे कॉलनीत सगळ्यांना माहीत होतं, कारण सर ते दर तालमीला सांगत. 'समता समूहगान मंडळ' त्यांनी अकरा वर्षांपूर्वी काढलं. गाणारे बावीस, त्यांतल्या सोळा बायका. पेटीवर उज्वला, ढोलकीवर काळू निकाळे आणि दिग्दर्शनाला सर स्वतः. मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी संध्याकाळी पाच ते सात, विहाराच्या मागच्या हॉलमध्ये तालीम चाले. हॉलला पंखे दोन. एक सरांचा आणि एक बाकीच्या चोवीस जणांचा.

सर एका सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. तरुणपणी मात्र ते एका गायन पार्टीत होते आणि जयंतीच्या दिवसांत गावोगाव गात. त्या दिवसांतली एकच गोष्ट त्यांनी जपून ठेवली होती: काळी चार. पेटीवरची चौथी काळी पट्टी. 'सा' तिथं धरायचा आणि सगळं गाणं तिथून वर न्यायचं. ही पट्टी चांगलीच उंच पडते.

"भोंगा नव्हता आमच्या काळी," सर म्हणत. "निफाडच्या चौकात आलाप घेतला की पिंपळगावची माणसं उठून बसायची. काळी चारच्या खाली जो गातो तो गात नाही, पुटपुटतो."

तेव्हा मंडळ काळी चारमध्येच गाणार, हा नियम. नियम पाळला जातो की नाही हे तपासण्याची सरांची पद्धत नोकरीतून आलेली होती. गाणं सुरू होण्याआधी ते खुर्चीतून उठत, पेटीपाशी येत, चष्मा कपाळावरून नाकावर ओढत आणि उज्वलाचं बोट कुठल्या पट्टीवर आहे ते बघत. चौथी काळी? ठीक. परत खुर्ची. त्या तयार कानाला त्यांनी या कामात कधी त्रास दिला नाही.

उज्वला रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेली, पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत नोकरीला. बाटलीवरचं लेबल आणि बाटलीतलं पाणी यांचा एकमेकांशी काही संबंध आहे का, हे दिवसभर बघणं तिचं काम. सहसा थोडाफार असे. लेबल वाचून पाण्याचा अहवाल देणारी माणसं तिनं पूर्वीही पाहिली होती. इतका समाधानी माणूस मात्र पाहिला नव्हता.

तिची पेटी स्केल चेंजर होती. अशा पेटीत एक खटका सोडला की पट्ट्यांचा अख्खा पाट डावीउजवीकडे सरकतो. एक खाच डावीकडे नेला तर बोट त्याच पट्टीवर राहतं, पण सूर एका पट्टीनं खाली उतरतो. वाजवणाऱ्याची सोय म्हणून कुणीतरी ही रचना केली. उज्वलानं ती गाणाऱ्यांच्या सोयीला लावली.

पहिली खाच आठ वर्षांपूर्वीची. सरांनी बांधलेल्या गाण्यात सगळ्यात उंच जागा म्हणजे वरचा गंधार, आणि मागच्या रांगेतल्या बायकांचा आवाज तिथं पोचला की फुटे. त्या रांगेत उज्वलाची सासू होती, विमलाबाई. विमलाबाईंचं निम्मं आयुष्य लासलगावच्या बाजारात कांदा निवडण्यात गेलं. ट्रॅक्टर, लिलाव आणि हमालांच्या आरोळ्या यांच्यावर आवाज चढवून त्या गात. नाशकात मुलाकडे आल्यावर ऐकणारे दोनच उरले. मुलगा दीपक शिफ्टला जाई. राहिली सून. विमलाबाई गात नसल्या की बोलत, आणि बोलत तेव्हा विषय उज्वला असे: भाजीतलं मीठ, कणकेतलं पाणी, नोकरीचे तास, एम.एस्सी. होऊनही न फुगणारी भाकरी. मंडळात आल्यापासून त्या आठवड्यातले तीन दिवस गात आणि चार दिवस गाण्याची तयारी करत. घर शांत झालं. या शांततेसाठी उज्वलानं एक खाच सरकवली, असं कारण तिनं स्वतःला दिलं होतं. तालमीहून परतताना म्हातारीचा चेहरा कसा उजळलेला असे, हे दुसरं कारण तिनं कुठं नोंदवलं नव्हतं.

त्या संध्याकाळी पहिल्यांदाच अख्ख्या रांगेचा गंधार लागला.

"बघा!" सर खुर्चीतून उठलेच. "ज्येष्ठमधाचा काढा घ्या म्हटलं होतं की नव्हतं?"

दुसऱ्या खाचेचं श्रेय प्राणायामाला मिळालं. तिसरीचं, सरांनी बसवलेल्या उभं राहण्याच्या नव्या पद्धतीला. तीत डावा पाय अर्धी वीत पुढे असे. चौथी खाच गेल्या वर्षीची आणि ती बायकांसाठी नव्हती. गाण्याच्या सुरुवातीचा आलाप सर स्वतः घेत. त्यांना अडुसष्टावं लागलं होतं, आणि गंधाराला त्यांची मान इतकी तिरकी व्हायला लागली होती की एखाद्या दिवशी तशीच राहील अशी उज्वलाला भीती वाटली.

हे सगळं आणखी एका माणसाला माहीत होतं. ढोलकी पेटीच्या सुराला लावावी लागते. पाट सरकला त्या प्रत्येक वेळी काळूनं उज्वलाकडे एकदा बघितलं, ढोलकीच्या कड्या सैल केल्या आणि तोंडातला गुटखा दुसऱ्या गालात नेला. आठ वर्षांत या विषयावर त्यांचं एवढंच बोलणं झालं होतं.

मग गंगापूर रोडवरच्या एका संस्थेनं कॉलन्यांची समूहगान स्पर्धा जाहीर केली.

"तिथं कोण बसतं माहीत आहे?" सरांनी मंगळवारी विचारलं. "तीन-तीन पिढ्या क्लास लावून शिकलेली माणसं. ती आपल्याला म्हणणार, यांचा आवाज मोठा, सुराचं काय? त्यांना एक बोट ठेवायला जागा मिळता कामा नये." हे सर मनापासून बोलले, आणि हॉलमध्ये कुणी हसलं नाही. पण सरांना मनापासून बोलून थांबणं जमत नसे. "म्हणून शनिवारी प्रत्येकाची परीक्षा. काळी चारमधला वरचा गंधार ज्याला लागेल तो गाणार. ज्याला लागणार नाही त्याचा सन्मानानं सल्लागार मंडळात समावेश."

"सल्लागारांनी काय करायचं?" सरूबाईंनी विचारलं. त्या मागच्या रांगेत विमलाबाईंच्या शेजारी उभ्या राहत.

"पुढच्या खुर्च्यांवर बसायचं."

"आन्?"

"टाळ्या वाजवायच्या."

एवढ्यानं उज्वला घाबरली नसती. परीक्षा तिच्या पेटीवर झाली असती तर सगळे पास होते. पण सर पुढे म्हणाले, की आपला भाचा संघर्ष शनिवारपासून की-बोर्ड घेऊन येईल. संघर्ष लग्नांच्या ऑर्केस्ट्रात वाजवायचा. "पेटी आहेच, उज्वलाताई. पण आता जमाना वाद्यमेळाचा आहे."

घरी जाताना विमलाबाई खुशीत होत्या. "घे म्हणावं परीक्षा. सरूचं काय व्हईल ते व्हवो, माझा गंधार पक्का हाय. साठीत लागत नव्हता, एकाहत्तरीत लागतो. लोकांचं उतरतं, माझं चढतं."

उज्वलापुढे तीन पर्याय होते. पाट आहे तिथं ठेवला तर की-बोर्ड आणि पेटी एकाच पट्टीवर दोन वेगळे सूर देणार. पाट जागेवर आणला तर म्हातारी सगळ्यांसमोर फुटणार आणि उरलेलं आयुष्य पुढच्या खुर्चीवर टाळ्या वाजवणार. तिसरा पर्याय संघर्षला गाठून की-बोर्ड गुपचूप चार पट्ट्या उतरवायला सांगण्याचा. त्यासाठी शनिवारी ती अर्धा तास आधी हॉलवर गेली. संघर्ष पाऊण तास उशिरा आला, मामांच्याच गाडीतून.

विमलाबाई परीक्षेसाठी पांढरी इस्त्रीची साडी नेसल्या होत्या.

"आधी मी लावून दाखवतो," सर म्हणाले. "कसा लागला पाहिजे ते कळेल. संघर्ष, काळी चार."

संघर्षनं सूर दिला. सरांनी डोळे मिटले, डावा पाय अर्धी वीत पुढे घेतला आणि चढायला लागले. वरच्या 'सा'ला त्यांच्या कपाळावरची शीर दिसायला लागली. रिषभाला मान गेली. गंधाराला जो आवाज आला तो उज्वलाच्या माहितीतल्या कुठल्याही वाद्यावर निघत नाही. सरूबाईंनी न मागता पाण्याची बाटली पुढे केली.

"संघर्ष," पाणी पिऊन सर म्हणाले, "तुझा की-बोर्ड चढा आहे."

"मामा, इलेक्ट्रॉनिक आहे. तो चढा नसतो."

"चायनाचा आहे का?"

"जपानी कंपनी आहे."

"कंपनी जपानी. बनतो कुठं?"

याचं उत्तर संघर्षला माहीत नव्हतं. सरांनी विजयी नजरेनं हॉलकडे बघितलं. "उज्वलाताई, खरी काळी चार ऐकवा यांना."

उज्वलानं चौथी काळी दाबली. संघर्षनंही दाबून धरली होती. चार पट्ट्यांचं अंतर कानाला टोचत नाही, उलट गोड लागतं. म्हणून सरांनी आधी पसंतीची मान डोलावली.

"मामा, हे दोन सूर आहेत," संघर्ष म्हणाला. त्यानं मोबाइल काढून पेटीजवळ धरला. "हे बघा, अ‍ॅप सांगतंय. बोट काळी चारवर आहे, पण वाजतेय पांढरी तीन. पेटी चार पट्ट्या खाली आहे."

सर मोबाइलकडे बघत राहिले, मग काळूकडे वळले. "काळूभाऊ, तुम्ही इतकी वर्षं वाजवताय. कोण खरं?"

काळूनं गाल बदलला. "सर, माझी ढोलकी पेटीशी लागते. पेटी कुनाशी लागते ते मला कसं कळणार?"

"उज्वलाताई, तुम्ही तर सायन्सच्या. तुम्ही सांगा."

आतापर्यंत उज्वला खोटं बोललेली नव्हती. तिला कुणी विचारलंच नव्हतं. आता एक वाक्य पुरलं असतं. पेटी बरोबर आहे, एवढं म्हटलं की की-बोर्ड गाडीत परत जाणार आणि इस्त्रीची साडी मागच्या रांगेत राहणार. तिनं सासूकडे बघितलं. मग संघर्षकडे. तो खरं बोलून सगळ्यांसमोर चोरासारखा उभा होता. नोकरीच्या सतरा वर्षांत तिनं एकाही खोट्या अहवालावर सही केली नव्हती.

"पेटी खाली आहे, सर," ती म्हणाली. "मी केली. आठ वर्षांत चार खाचा."

सरांनी चष्मा कपाळावर चढवून तिच्याकडे बघितलं. मग त्यांचा चेहरा विरघळला.

"बघा," ते हॉलकडे वळून म्हणाले. "याला म्हणतात संस्कार. पोरगा चारचौघांत खोटा पडू नये म्हणून या बाईनं दोष स्वतःवर घेतला."

"नाही सर, मी खरंच..."

"पुरे, ताई! किती मोठं मन असावं माणसाचं! टाळ्या झाल्या पाहिजेत."

टाळ्या झाल्या. अकरा वर्षं पेटी वाजवून उज्वलाला मिळालेल्या या पहिल्या टाळ्या.

परीक्षा पेटीवर सुरू झाली. पहिल्या तिघी आल्या, गायल्या, तिघींचा गंधार लागला. सरांनी वहीत तीन बरोबरच्या खुणा केल्या. चौथ्या विमलाबाई. त्या पेटीसमोर येऊन उभ्या राहिल्या, पण गायल्या नाहीत.

"उज्वला, तू म्हणलीस ते खरं का?"

"हो, आई."

"चार?"

"चार."

"माझ्यासाठी?"

"तीन तुमच्यासाठी. म्हणजे तुमच्या रांगेसाठी."

"आन् चौथी?"

सरूबाईंना अचानक ठसका लागला. विमलाबाईंनी वळून सरांकडे बघितलं, आणि सरांनी पंख्याकडे.

"बाजारात काट्याला पायाचा अंगठा लावणारे लय बघितले," विमलाबाई म्हणाल्या. "आमच्या बाजूनं लावणारा आजच बघते. सरकव ती जाग्यावर."

"आई, कशाला..."

"सरकव म्हणते ना!"

उज्वलानं खटका सोडला आणि पाट उजवीकडे नेला. खट्, खट्, खट्, खट्. हॉलमध्ये सगळ्यांना ऐकू गेलं. सरांनी ते ऐकलं नाही; ते वहीत काहीतरी तपासत होते. तिनं काळी चार दाबली, आणि या वेळी संघर्षच्या मोबाइलनं तक्रार केली नाही.

विमलाबाई सावकाश चढल्या. वरचा 'सा' मोकळा लागला. रिषभ थरथरला, पण लागला. गंधाराला आवाज कापडासारखा टर्रकन फाटला. त्यांनी पुन्हा एकदा प्रयत्न केला. पुन्हा तेच. उज्वला पट्ट्यांकडेच बघत राहिली; वर बघायचं तिला धाडस झालं नाही.

"रिषभापर्यंत हाय," डोक्यावरून विमलाबाईंचा आवाज आला. तो रडका नव्हता. काट्यावरचा कांदा मोजून सांगावा तसा होता. "एकाहत्तरीत रिषभ. पण माझा हाय."

"विमलाताई," सर अतिशय दुःखानं म्हणाले आणि त्यांनी पेनाचं टोपण काढलं, "नियम तो नियम. आपला सल्लागार मंडळात सन्मानानं..."

"लिवा."

त्या जाऊन पुढच्या खुर्चीवर बसल्या. पाठ ताठ, हात मांडीवर. पाचव्या सरूबाई.

"मला बी खरीच वाजव गं," सरूबाई म्हणाल्या. "हिला खरी आन् मला खोटी, असं नाय चालणार."

सरूबाई 'सा'लाच थांबल्या आणि हसत हसत विमलाबाईंच्या शेजारी जाऊन बसल्या. मग आधी पास झालेल्या तिघी परत आल्या. त्यांनाही खरीच हवी होती. मग पुरुषांची रांग. भिकन साळवे तर रिषभाआधीच "जाऊ द्या" म्हणून खुर्ची ओढून मोकळे झाले. आपला आवाज नेमका कुठपर्यंत जातो हे बघायची लोकांना एवढी हौस असेल, असं उज्वलाला कधी वाटलं नव्हतं. ती सूर देत राहिली. सरांची वही भरत राहिली. साडेसहाला सल्लागार मंडळात अठरा जण होते. गाणाऱ्यांत उरल्या कॉलेजातल्या चार मुली. सरांची परीक्षा कुणी घेतली नाही. ती सगळ्यांनी आधीच ऐकली होती.

सर चार मुलींकडे बघत उभे राहिले.

"आता आमचं काम सुरू ना?" विमलाबाईंनी खुर्चीवरून विचारलं. "मंग घ्या सल्ला. पट्टी उतरवा. चोरून नाय, उघड उतरवा. जिथं समद्यांचा गळा मोकळा व्हतो तिथं धरा."

"मंजूर!" सरूबाई ओरडल्या आणि अठरा हात वर झाले.

"सल्ला बंधनकारक नसतो," सर म्हणाले. हेडक्लार्कला एवढं माहीत असतंच.

"नसू द्या. मंग ह्या चार पोरी घेऊन जा गंगापूर रोडला."

चारही पोरी फिसकन हसल्या. एक म्हणाली, "सर, माझा पेपर आहे त्या दिवशी." उरल्या तीन.

सर खुर्चीत बसले. वर त्यांचा पंखा फिरत होता. सुमारे दोन मिनिटं त्यांनी विचार केला. संघर्षनं मधेच काहीतरी सांगायला तोंड उघडलं, त्याला त्यांनी हातानं थांबवलं. मग ते उठले, आणि उठले तेव्हा पुन्हा पूर्वीचे झाले होते.

"एक गोष्ट तुम्हाला मुद्दाम सांगितली नव्हती," ते म्हणाले. "पांढरी तीन ही काळी चारपेक्षा अवघड पट्टी. काळी चारला जोर लागतो, पांढरी तीनला वजन लागतं. मुरलेला आवाजच तिथं टिकतो. अकरा वर्षं मी तुम्हाला काळी चारमध्ये तापवलं ते कशासाठी? या दिवसासाठी. आजपासून मंडळ पांढरी तीनमध्ये गाणार. आणि लक्षात ठेवा, पांढरी तीनच्या वर जो गातो तो गात नाही, ओरडतो."

काळूनं कड्यांना हात लावला. त्या आधीच बरोबर होत्या.

तालीम झाली. उज्वलाचं बोट पांढरी तीनवर होतं आणि पेटीतून पांढरी तीन निघत होती. बावीस जण गायले, गंधार सगळ्यांचा लागला, आणि संघर्ष की-बोर्डवर मान खाली घालून वाजवत राहिला. सल्लागार मंडळ आता बरखास्त करायचं का, असं सरांनी विचारलं तेव्हा विमलाबाईंनी साफ नकार दिला. दोन्ही कामं करू म्हणाल्या.

पेटी जड, म्हणून ती नेहमी काळूच्या रिक्षातून घरी जाई आणि तिच्याबरोबर सासूसुनाही. पहिली गल्ली संपेपर्यंत विमलाबाई बाहेरच बघत होत्या. उज्वला पेटीवर हात ठेवून बसली होती. आठ वर्षं एखाद्याला त्याच्याच आवाजाबद्दल खोटं सांगितलं तर त्याची माफी कोणत्या शब्दांत मागतात, ते तिला माहीत नव्हतं.

"चिडलात?" तिनं शेवटी विचारलं.

"चिडू नको तर काय? आठ वरसं मी गल्लीभर सांगत फिरले, माझं चढतं म्हणून." विमलाबाईंनी पदर सावरला. "सरू आता महिनाभर हसंल. हसू दे. तिचा तर 'सा'च गेला." मग थोडं थांबून, "त्याच्यासाठी का गं केलीस चौथी? त्या पगाऱ्यासाठी?"

"सुरुवात ते करतात. त्यांचा सूर गेला की मागचे सगळे भरकटतात. आणि..."

"आन् काय?"

"वाईट दिसलं असतं, आई. त्यांचं."

पुढे बसलेला काळू खाकरला. विमलाबाई सुनेकडे वळल्या. उज्वलाला वाटलं, आता त्या काहीतरी चांगलं बोलणार.

"ते ऱ्हाऊ दे," विमलाबाई म्हणाल्या. "तू पेटी लय दाबून वाजवतेस. माझा आवाज तिच्याखाली जातो. सल्लागार म्हणून सांगते. आन् त्या मधल्या जागेला भाता उगा जोरात मारतेस, भाकरी थापल्यावानी. भाकरी बी तशीच..."

दुसऱ्या गल्लीच्या वळणापर्यंत उज्वलाला आपल्या वाजवण्यातल्या सात चुका कळल्या होत्या. घर अजून तीन गल्ल्या लांब होतं, आणि काळू मुद्दाम हळू चालवत होता.